चार मिनिटं लवकर

"आता बघा," रंभाजी औटी म्हणाला, आणि आम्ही दोघं बघत उभे राहिलो.

बघण्यासारखं तसं फार नव्हतं. पत्र्याची लांब शेड, दोन्ही अंगांना जाळीचे पिंजरे, पिंजऱ्यांत सहाशे कोंबड्या. मधल्या खांबावर एका फळीला तारेनं करकचून बांधलेलं गजराचं घड्याळ. त्यात पाचला तीन मिनिटं कमी होती. माझ्या मनगटावर दोन वाजून पाच मिनिटं झाली होती.

"घड्याळ तीन तास पुढं आहे," मी म्हणालो.

"जातंय पुढं. रोज चार मिनिटं."

"मग मागं का घेत नाही?"

"ते कोंबड्यांचं घड्याळ हाये साहेब. माझं हे." त्यानं आपलं मनगट दाखवलं. "नोव्हेंबरात मोटार बसवली तवा पाचचा दाणा होता. सरकत सरकत दोनावर आला. त्यांची काय तक्रार नाय."

"आणि अंडी?"

"देत्यात की."

तेवढ्यात सहाशे माना एकदम पिंजऱ्यांबाहेर आल्या. घड्याळ अजून वाजलं नव्हतं. कोंबड्यांना ते आधीच कळलं होतं. मग गजर झाला. घड्याळामागची चावी गरगर फिरली, तिला बांधलेली सुतळी गुंडाळत गेली, सुतळीनं भिंतीवरची कळ खाली ओढली आणि भंगारातून आणलेली एक मोटार कण्हत सुरू झाली. पन्हळीतून खाद्य पुढे सरकू लागलं. मोटारीच्या पोटात निळ्या ठिणग्या नाचत होत्या. बाहेर जीपमध्ये माझा ट्रान्झिस्टर चालू होता, त्यातलं गाणं खरखरीत बुडालं. मोटारीवर भार चढला तशी खरखर वाढली. खाद्याची पेटी रिकामी होत आली तशी ती उतरत गेली. चार मिनिटांनी रंभाजीनं कळ वर केली.

"समदं मीच केलंय," तो म्हणाला. "इंजिनेर नाय लागला."

मी जीपमधून एक कंडेन्सर आणला, मोटारीच्या दोन्ही कार्बनना, जिथून ठिणग्या उडत होत्या तिथे, जोडला आणि मोटार पुन्हा चालवून पाहिली. ट्रान्झिस्टरमधलं गाणं स्वच्छ ऐकू आलं. रंभाजीला त्याचं विशेष काही वाटलं नाही. त्याच्या बायकोनं, हौसाबाईंनी, चहा दिला. मी अंड्यांचे दोन ट्रे जीपमध्ये ठेवले आणि परत निघालो. ती १९९० सालातली डिसेंबरची एकतीस तारीख होती.

मी तेव्हा पारनेर तालुक्यातल्या एका माळावर, आकाशातून येणाऱ्या रेडिओ लहरी टिपणाऱ्या केंद्रात तंत्रज्ञ होतो. आयटीआय झालेला, नोकरीत हंगामी. दुर्बीण म्हटल्यावर लोक नळी शोधतात. आमच्याकडे नळी नव्हती. माळावर रांगेनं रोवलेले साडेचारशे खांब आणि खांबांवर ताणलेल्या तारा, एवढीच आमची दुर्बीण. ती हलवता येत नसे. ती सरळ वर बघायची आणि पृथ्वी फिरेल तसं आकाश तिच्यावरून सरकत जायचं. आकाशातल्या कुठल्याही ठिकाणाची पाळी दिवसातून एकदाच यायची, जेमतेम चार मिनिटं. तेवढ्यात तिथून काही आलं, तर खोलीतल्या यंत्राचं पेन कागदाच्या सरकत्या पट्टीवर उंचवटा काढायचं.

आकाशातून येणाऱ्या या लहरी इतक्या क्षीण असतात की एखादी स्कूटर सुरू झाली तरी पेन उड्या मारतं. म्हणून आजूबाजूच्या गावांतून जीपनं फिरायचं, खरखर करणारी यंत्रं शोधायची, फुकट कंडेन्सर बसवून द्यायचा आणि दुरुस्तीची नोंद तारीख, वेळ, ठिकाणासह वहीत करायची, हे माझं काम. रंभाजीच्या मोटारीची नोंद मी केली नाही. केली असती तर सरकारी जीप दुपारी दोन वाजता हिवरदऱ्याच्या पोल्ट्रीवर कशाला गेली होती, तेही लिहावं लागलं असतं. कँटीनमधली अंडी संपली होती म्हणून गेली होती.

एक जानेवारीला दुपारी मी यंत्राच्या खोलीत डोकावलो तर डॉ. निरुपमा चांदोरकर स्टुलावर बसून पेनाकडे एकटक बघत होत्या. केंद्रातल्या सगळ्यात तरुण शास्त्रज्ञ, एकतीस वर्षांच्या. त्यांची शिष्यवृत्ती मार्चअखेर संपायची होती.

"गाडेकर, किती वाजले?"

"दोन वाजून बारा, मॅडम."

"मग गेलं ते," त्या म्हणाल्या. "आज आलंच नाही."

कशाबद्दल बोलत होत्या ते केंद्रातल्या चौकीदारालाही ठाऊक होतं. वीस नोव्हेंबरला दुपारी चार वाजून बावन्न मिनिटांनी पेनानं चार मिनिटांचा एक उंचवटा काढला होता. दुसऱ्या दिवशी तसाच उंचवटा चार मिनिटं आधी आला. तिसऱ्या दिवशी आणखी चार मिनिटं आधी. मॅडमनी तेव्हाच जेवण कमी केलं.

चार मिनिटांचं महत्त्व मला त्यांनीच समजावलं होतं. मला अंगणातल्या झेंड्याच्या खांबाभोवती फिरायला लावलं, फिरता फिरता गिरक्या घ्यायला लावल्या आणि स्वतः पायरीवर बसून मोजत राहिल्या.

"खांब म्हणजे सूर्य. तुम्ही पृथ्वी. आता एक फेरा पूर्ण करा. खांबाकडे तुमचं तोंड किती वेळा झालं?"

"चार."

"आणि त्या लांबच्या डोंगराकडे?"

मी पुन्हा फिरलो. "पाच."

"डोंगर म्हणजे तारे. सूर्याच्या हिशेबानं पृथ्वीच्या वर्षाला जेवढ्या गिरक्या होतात, त्याहून ताऱ्यांच्या हिशेबानं एक जास्त होते. ती एक गिरकी तीनशे पासष्ट दिवसांत वाटून टाका. दिवसाला चार मिनिटं. म्हणून कुठलाही तारा रोज चार मिनिटं लवकर डोक्यावर येतो. माणसाची यंत्रं सूर्याच्या वेळेनं चालतात. गिरणी रोज नऊला सुरू होते, नऊलाच. जे चार मिनिटं लवकर येतं, ते वरून येतं."

चौकीदार फाटकातून बघत होता. त्यानं नंतर मला विचारलं की हे सगळ्यांना करावं लागतं की फक्त हंगामी लोकांना.

तर ते बेचाळीस दिवस येत राहिलं. मधले दोन दिवस माळावर वीज नव्हती, ते सोडून. मॅडमना वाटत होतं की तो एखाद्या मेलेल्या ताऱ्याचा गाभा असावा. सूर्याएवढं वजन दाबून दाबून एका तालुक्याएवढ्या गोळ्यात बसवलेलं, चमचाभर माती उचलायची तर डोंगर उचलल्यासारखं. तिथून निघालेली खरखर आपल्यापर्यंत यायला आठ हजार वर्षं लागली असतील, असा त्यांचा अंदाज होता. पुण्याहून आमचे प्रमुख डॉ. सबनीस रोज फोनवर विचारायचे. नऊ जानेवारीला पुण्यात मोठी बैठक ठरली होती. तिथे हे जाहीर झालं की मॅडमची जागा कायम होणार, असं त्यांनी तोंडी सांगितलं होतं.

दोन जानेवारीला पेन हललं नाही. तीनलाही नाही.

मला वाटलं मॅडम खचतील. उलट झालं.

"थांबलं, गाडेकर!" त्या म्हणाल्या. "आपल्या डोळ्यांदेखत थांबलं. असं कुणीच पाहिलेलं नाही. येणं आणि थांबणं, दोन्ही आपल्याकडे आहे. आता कुणी कितीही शोधलं तरी..." त्या मध्येच थांबल्या, मग म्हणाल्या, "तुमचं अक्षर चांगलं आहे. सगळ्या वेळांचा एक तक्ता करून द्या. बैठकीत लावायचा आहे."

मी त्या संध्याकाळी मोठ्या कागदावर तक्ता करायला बसलो. तारीख, वेळ. चार बावन्न. चार अठ्ठेचाळीस. चार चव्वेचाळीस. हात आपोआप चालत होता. शेवटची ओळ लिहिली: एकतीस डिसेंबर, दोन वाजून आठ मिनिटं.

लिहून झाल्यावर मी ती ओळ वाचली. मग वरची सगळी वाचली. मग दौतीला बूच लावलं.

दोन वाजून आठ मिनिटांनी मी कुठे होतो ते मला नीट आठवत होतं. पाचचा दाणा सरकत सरकत दोनावर आला होता. सहाशे कोंबड्या गेले सहा आठवडे ताऱ्यांच्या वेळेनं जेवत होत्या. आठ हजार वर्षांचा प्रवास करून आलेली ती खरखर आमच्या खांबांपासून सव्वादोन किलोमीटरवर निघत होती, आणि ती मीच थांबवली होती, कुणालाही न सांगता, अंडी आणायला गेलो असताना.

रात्रभर मी एकच गोष्ट उलटीपालटी करत राहिलो. गप्प राहिलो तर काय होईल? काहीच होणार नव्हतं. मोटार आता खरखर करत नव्हती. उद्या जगातल्या कुठल्याही शास्त्रज्ञानं येऊन बघितलं तरी त्याला काही सापडलं नसतं, आणि थांबलेली गोष्ट खोटी ठरवता येत नाही. मॅडमची जागा कायम झाली असती. माझी नोकरी राहिली असती. रंभाजीला तर आपण कशात आहोत हेही कळलं नसतं. सांगितलं तर तिघांतल्या दोघांचं नुकसान होतं. हे गणित मी पाच-सहा वेळा केलं. दर वेळी उत्तर तेच आलं, आणि दर वेळी मला झोप आली नाही.

केंद्रातला फोन बंद पडला होता, म्हणून चार तारखेला सकाळी मॅडमना पारनेरच्या पोस्टातून डॉ. सबनीसांना फोन करायचा होता. बैठकीच्या पत्रिकेवर विषय काय छापायचा ते सांगायला. मी जीप काढली. सुपा फाट्याच्या अलीकडे एका बाभळीखाली ती उभी केली.

"काय झालं? तापली का?"

"नाही. फोन करायच्या आधी एक सांगायचं होतं."

"बोला."

"एकतीस तारखेला मी हिवरदऱ्याला गेलो होतो."

"कशाला?"

"अंडी आणायला. जीप घेऊन."

"बरं," मॅडम हसल्या. "मी सबनीस सरांना नाही सांगणार."

"तिथे एक मोटार आहे. कोंबड्यांना खाद्य घालायची. कार्बन खराब आहेत, ठिणग्या पडतात. मी कंडेन्सर बसवला."

"चांगलं केलंत."

"ती घड्याळावर चालते. घड्याळ रोज चार मिनिटं पुढे जातं."

मॅडमच्या चेहऱ्यावरचं हसू तसंच राहिलं, फक्त त्याच्यामागे कुणी राहिलं नाही. रस्त्यावरून मेंढरांचा एक कळप चालला होता. त्यांनी तो पुरा जाऊ दिला.

"किती वाजता चालली मोटार?"

"दोन वाजून आठ."

"किती वेळ?"

"चार मिनिटं."

"आवाज एकदम सुरू होतो की चढत जातो?"

"चढतो आणि उतरतो. भारावर आहे."

"कधीपासून आहे?"

"नोव्हेंबरपासून. तेव्हा पाचला चालायची."

"आणि वीज गेली की ती बंद," त्या स्वतःशीच म्हणाल्या. "आणि आपणही बंद."

"हो."

"वहीत नोंद?"

"केली नाही."

त्यांनी चष्मा काढला, ओढणीनं पुसला, पुन्हा लावला.

"मॅडम, मला काल संध्याकाळीच कळलं होतं," मी म्हणालो. "कालच यायला हवं होतं. रात्रभर विचार करत बसलो, सांगू की नको. माफ करा."

त्या खिडकीबाहेर बघू लागल्या. मला वाटलं रडतायत. पण वळल्या तेव्हा डोळे कोरडे होते.

"परत फिरवा," त्या म्हणाल्या.

"फोन?"

"फोन नंतर. आधी तपासायला हवं. तुम्ही सांगताय म्हणून ते खरं होत नाही. मी म्हणत होते म्हणूनही खरं होत नव्हतं."

पाच तारखेची चाचणी त्यांनी अशी आखली. नुसता कंडेन्सर काढून भागणार नव्हतं. ठरल्या वेळी उंचवटा परत आला असता तर तो ताराच परत आला असंही म्हणता आलं असतं. म्हणून मॅडम स्वतः हिवरदऱ्याला जाणार, कंडेन्सर काढणार आणि गजर आपल्या मनात येईल त्या वेळेला लावणार. ती वेळ मला सांगायची नाही. मी खोलीत एकट्यानं पेनासमोर बसायचं. पेन हललं तर वेळ लिहायची. संध्याकाळी दोन्ही कागद शेजारी ठेवायचे.

रंभाजीला पटवताना जरा वेळ लागला, असं त्यानं मला नंतर सांगितलं.

"कोंबड्यांची सवय मोडंल बाई," तो म्हणाला होता.

"एकच दिवस."

"एका दिसात अंडी कमी येत्यात. तुमाला कशाला पायजे हे?"

मॅडमनी त्याला काय सांगावं? त्यांनी खरं ते सांगितलं. "तुमच्या मोटारीचा आवाज मला तारा वाटला होता. तो तारा आहे की मोटार, ते बघायचंय."

रंभाजी विचारात पडला. हौसाबाई मात्र लगेच म्हणाल्या, "अहो, बघू द्या की त्यांना. आपल्या मोटारीमुळं बाईचा तारा अडकलाय."

मी अकरापासून खोलीत बसलो होतो. पेन सरळ रेघ काढत होतं. साडेअकरा. पावणेबारा. मला त्या माळावर तीन वर्षं झाली होती आणि त्यातला बहुतेक वेळ मी पेन हलू नये म्हणून धडपडत असे. त्या दिवशीही मला ते हलू नये असंच वाटत होतं, पण कारण वेगळं होतं. बारा वाजले. सव्वाबारा. मॅडमनी गजर मुद्दाम उशिराचा लावला असेल. किंवा सुतळी अडकली असेल. किंवा मी मूर्ख असेन आणि वर खरोखरच काहीतरी असेल.

बारा सव्वीसला पेन चढू लागलं.

तोच उंचवटा होता. तसाच चढ, तसाच उतार, चार मिनिटं. बेचाळीस दिवसांतला कुठलाही उंचवटा कापून त्यावर ठेवला असता तर बसला असता. मी लिहिलं: १२.२६. हात व्यवस्थित चालला.

बारा एक्कावन्नला पेन पुन्हा चढलं. मी तेही लिहिलं.

मॅडम तीनला परत आल्या. त्यांनी पर्समधून घडी घातलेला कागद काढून टेबलावर ठेवला. त्यावर एकच आकडा होता: १२.२६. मी माझा कागद शेजारी ठेवला. दोघांनीही वाचले.

"हे दुसरं काय?" मी विचारलं. "बारा एक्कावन्न?"

"ते चाचणीत नव्हतं," त्या म्हणाल्या. "निघताना मी मोटार हातानं पुन्हा एकदा चालवली. उगीच."

त्यांनी दोन्ही कागदांना एक टाचणी लावली. मग त्या म्हणाल्या, "गजर झाला तेव्हा एकही कोंबडी तयार नव्हती, गाडेकर. खाद्य समोरून चाललं होतं आणि त्या नुसत्या बघत होत्या."

मग त्यांनी कंडेन्सर टेबलावर ठेवला, जाऊन परत बसवून या म्हणाल्या, आणि या वेळी नोंद करा म्हणाल्या. मी दोन्ही नोंदी केल्या. एकतीस तारखेची नोंद करताना 'कारण' या रकान्यात काय लिहू म्हणून विचारलं. "अंडी," त्या म्हणाल्या. मी तसं लिहिलं.

नऊ जानेवारीला त्यांनी मला बैठकीला बरोबर नेलं. चाळीस-एक माणसं होती. मॅडमनी माझा तक्ता फळ्यावर लावला आणि वीस नोव्हेंबरपासून सगळं क्रमानं सांगितलं, काही न गाळता. पहिली पंधरा मिनिटं लोक पुढे सरकून ऐकत होते. मग हिवरदरा आलं. लोक हळूहळू मागे टेकले.

"म्हणजे काहीच नाही?" डॉ. सबनीसांनी विचारलं.

"कोंबड्या आहेत, सर."

सगळे हसले. मॅडम हसल्या नाहीत, त्यामुळे हसणं लवकर संपलं.

दुसऱ्या रांगेतल्या एका वयस्कर प्राध्यापकांनी माझ्याकडे बोट केलं. "हे कंडेन्सर बसवणारे गृहस्थ का? मला त्यांना विचारायचंय. तुम्ही सांगितलं नसतं तर हे कुणालाही कधीच कळलं नसतं, बरोबर?"

मी उभा राहिलो. "बरोबर."

"मग का सांगितलं?"

एवढ्या माणसांसमोर मी कधी बोललो नव्हतो. रात्रभर केलेलं ते गणित आठवून बघितलं, पण त्यात कुठे 'का' नव्हतं. "तक्ता माझ्या अक्षरात होता," मी म्हणालो आणि खाली बसलो. कुणी हसलं नाही. प्राध्यापकांनी आपल्या वहीत काहीतरी लिहून घेतलं.

पुढच्या गोष्टी झाल्या त्या अशा. सरकारी जीप खाजगी कामासाठी वापरल्याबद्दल मला फेब्रुवारीत मेमो मिळाला. एप्रिलमध्ये कामातल्या दक्षतेबद्दल मला कायम करण्यात आलं. दोन्ही कागद माझ्या फायलीत एकामागे एक लावलेले होते आणि निवृत्त होईपर्यंत कुणाला त्यात काही वावगं दिसलं नाही. मॅडमची शिष्यवृत्ती वाढली नाही. डॉ. सबनीसांनी पत्रात लिहिलं होतं की निधीची अडचण आहे. राहिलेले दोन-अडीच महिने मॅडम माझ्याबरोबर जीपनं गावोगाव फिरल्या. आम्ही एकवीस गावांतल्या प्रत्येक मोटारीची, वेल्डिंगच्या प्रत्येक यंत्राची, टीव्हीच्या प्रत्येक बूस्टरची यादी केली, आणि एकतीस मार्चला मी त्यांना पुण्याला जाणाऱ्या एसटीवर पोचवायला गेलो.

फाट्यावर गाडी यायला वेळ होता. मॅडम आपल्या ट्रंकेवर बसल्या होत्या. सातारच्या एका कॉलेजात त्यांना शिकवायची नोकरी लागली होती.

"एक दाखवायचं राहिलं," त्या म्हणाल्या आणि पिशवीतून कागदाच्या पट्टीचा एक तुकडा काढला. अठरा डिसेंबरचा उंचवटा होता. शेजारी पेन्सिलीनं बारीक अक्षरात लिहिलं होतं: 'दोन मिनिटं लवकर? पट्टीचा वेग?'

मी वाचलं, पण मला समजलं नाही.

"ताऱ्याचा दिवस बरोबर चार मिनिटांनी लहान नसतो," त्या म्हणाल्या. "तीन मिनिटं आणि छप्पन्न सेकंदांनी असतो. रोज चार सेकंदांचा फरक. एक-दोन दिवसांत कळत नाही. पण महिना झाला की दोन मिनिटं साठतात. खरा तारा असता तर अठराला तो तीन वाजून दोन मिनिटांनी आला असता. हा तीनला आला."

"पट्टीचा वेग कमीजास्त होतो कधी कधी," मी म्हणालो.

"तसंच मीही लिहिलं. आणि पट्टीचा वेग तपासला नाही. तपासायला पाच मिनिटं लागतात." त्यांनी तो तुकडा माझ्याकडून परत घेतला. "तुम्ही त्या दिवशी जीपमध्ये माझी माफी मागत होता. एक रात्र गप्प राहिलात म्हणून. मी सतरा दिवस गप्प होते, गाडेकर. आणि तुम्ही आला नसता तर नऊ तारखेला मी ते तसंच वाचलं असतं."

मी म्हणालो, "तुम्हाला खात्री नव्हती."

"खात्री नको होती," त्या म्हणाल्या.

मग एसटी आली. मी ट्रंक टपावर चढवून दिली. मॅडमना खिडकीशी जागा मिळाली. त्यांनी तो तुकडा पुस्तकात घातला आणि गाडी सुटेपर्यंत काहीबाही बोलत राहिल्या, रंभाजीला नमस्कार सांगा, असं.

हे मी चौतीस वर्षं कुणाला सांगितलं नाही. घरी सांगितलं नाही, केंद्रात सांगितलं नाही. लोकांना कोंबड्यांची गोष्ट ठाऊक होती, ती ते मला विचारायचे, आणि मी तेवढीच सांगायचो.

गेल्या फेब्रुवारीत नगरच्या एका कॉलेजात मॅडमचं भाषण होतं. त्या आता निवृत्त झाल्यात, केस पूर्ण पांढरे. मी आलोय हे त्यांना माहीत नव्हतं. मी शेवटच्या रांगेत बसलो होतो. सभागृह मुलामुलींनी भरलं होतं. मॅडम मेलेल्या ताऱ्यांबद्दल बोलल्या, आठ हजार वर्षांच्या प्रकाशाबद्दल बोलल्या, मग हिवरदऱ्याच्या कोंबड्यांची गोष्ट सांगितली. मुलं पोट धरून हसली. त्यांनी हसू दिलं. हसणं ओसरल्यावर पडद्यावर त्यांनी कागदाच्या पट्टीचा तो तुकडा दाखवला, पेन्सिलीच्या अक्षरासकट, आणि तो काय आहे ते शांतपणे सांगितलं.

"किती दिवस?" पुढच्या रांगेतल्या एका मुलीनं विचारलं.

"सतरा," मॅडम म्हणाल्या.

आकडा बरोबर होता. आता मलाही सांगायला हरकत नाही.